तळ्याची साक्ष : आभाळाचा वाटा आणि माणसाचा वाटा

दोन वर्षांपूर्वी एका अभ्यास शिबिरात मला हवामान बदलावर बोलायला बोलावले होते. तापमानवाढ, कोळसा, कर्बवायू, ध्रुवावरचे वितळणारे बर्फ असे सगळे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतला एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला. म्हणाला, "सर, बर्फाचं राहू द्या. आपला नाथसागर आटतो तो हवामान बदलल्यामुळं, का वरच्यांनी पाणी अडवल्यामुळं, का उसामुळं? एकच काय ते सांगा." मी त्या दिवशी गुळमुळीत उत्तर दिले. तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या मास्तराला ते शोभणारे नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रश्न साधा दिसतो, पण तो आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आपल्या आज्या-पणज्यांना दुष्काळ हा दैवाचा कोप म्हणून सांगितला गेला. दैवाला जाब विचारता येत नाही, ही त्या सांगण्यातली सोय होती. आता दैवाच्या त्याच रिकाम्या पाटावर हवामान बदलाला आणून बसवले जाईल अशी मला भीती वाटते. हवामान बदल खोटा आहे असे मी म्हणत नाही; तो खरा आहे, मोजला गेलेला आहे आणि तो प्रथम आपल्याच वस्तीत शिरतो आहे. परंतु पाण्याच्या टंचाईत आभाळाचा वाटा किती आणि माणसाचा वाटा किती, याची फोड न करता त्याचे नाव घेणे म्हणजे जुन्या दैवाला शास्त्राचे कपडे शिवण्यासारखे आहे. ही फोड करण्याचे सर्वांत चांगले साधन आपल्या दाराशी आहे. ते म्हणजे तळे.

तळ्याचा कारभार जमाखर्चाच्या वहीसारखा असतो. जमेला पाऊस, नदी, ओढे आणि जमिनीतून येणारे झरे. खर्चाला ऊन-वारा, जमिनीत मुरणारे पाणी आणि माणसाने उपसलेले पाणी. एका दिवसाचा पाऊस एका दिवसात विसरला जातो; तळे मात्र महिन्यांची आणि वर्षांची बेरीज करून ती आपल्या पातळीवर दाखवते. पातळीशिवाय त्याच्याजवळ आणखी तीन नोंदी असतात. पाण्याची ऊब, पाण्याचा रंग आणि तळाचा गाळ. या चारही नोंदी वाचता आल्या तर तळे साक्ष देते. पण साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको.

मी वाळूजला राहतो. येथून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले की कायगाव टोक्याच्या पुलावर प्रवरा आणि गोदावरीच्या संगमाशी नाथसागराचा फुगवटा दिसतो. वाळूजच्या कारखान्यांना पाणी येते ते याच जलाशयातून. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. मातीची भिंत सुमारे १० किलोमीटर लांब, दरवाजे २७. एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०२ टीएमसी; त्यापैकी सुमारे २६ टीएमसी मृतसाठा. भरल्यावर पाण्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. या दोन आकड्यांचा भागाकार मी वर्गात मुलांकडून करून घेत असे. उत्तर येते साडेआठ मीटरच्याही आत. एवढीच त्याची सरासरी खोली. दख्खनच्या सपाट काळ्या रानावर पसरलेले हे पाणी आहे. सह्याद्रीच्या दरीत कोंडलेल्या धरणासारखे खोल नाही. तांब्यातले पाणी आणि परातीतले पाणी एकाच उन्हात ठेवले तर परात आधी कोरडी पडते. नाथसागर ही परात आहे.

आता उन्हाचा खर्च किती, ते पाहू. केवळ समजुतीसाठी असे धरा की उन्हाळ्यात जलाशय निम्म्यावर, १७५ चौरस किलोमीटरवर आला आहे, आणि दिवसाला केवळ ५ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर वाफ होऊन उडतो आहे. हा हिशेब ८७ कोटी ५० लाख लिटरचा होतो, दररोजचा. माणशी १३५ लिटर धरले तर ६५ लाख माणसांचे एका दिवसाचे पाणी. हवा जितकी तापेल, जितकी कोरडी होईल, वारा जितका वाहील तितका हा खर्च वाढतो. या पाण्यासाठी कोणी अर्ज केलेला नसतो आणि त्याची पट्टीही कोणी भरत नाही. हवामान बदल तळ्यावर पहिला हात टाकतो तो असा, न दिसणारा.

दुसरी नोंद उबेची. १९८५ ते २००९ या काळातील जगभरच्या २३५ तळ्यांच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिले, की उन्हाळ्यात तळ्यांच्या पृष्ठभागाचे पाणी दर दहा वर्षांना सरासरी ०.३४ अंश सेल्सियसने तापत चालले आहे. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वरचा तापलेला थर हलका होऊन खालच्या थंड थरावर झाकणासारखा बसतो, आणि तळाला गुदमर होते. अशा पाण्यात शहराचे आणि कारखान्यांचे सांडपाणी येऊन मिळाले, तर त्यातल्या नत्र-स्फुरदावर हिरवे-निळे शेवाळ माजते आणि मासे मरतात. खाम नदी आमच्या बाजूने काय घेऊन नाथसागराकडे जाते, हे उन्हाळ्यात तिच्या काठी उभे राहिले की नाकाला कळते. येथेच फोड करायची सवय लावून घ्यावी. पाणी तापले हा आभाळाचा वाटा. नदीत घाण सोडली हा माणसाचा. मासे मरतात ते दोघांच्या भागीदारीत, आणि बुडते ते जाळे टाकून पोट भरणाऱ्याचे.

पातळीच्या नोंदीबद्दल मात्र मला पुस्तकापेक्षा माझ्या मायने अधिक शिकवले. तिचे माहेर नाथसागराखाली आहे. जायकवाडीत शंभराहून अधिक गावे बाधित झाली; त्यातले ते एक, नदीकाठचे. कोरड्या वर्षी पाणी फार मागे हटले की बुडालेली गावे वर येतात. २०१६ च्या मे महिन्यात मी तिला तेथे घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालताना ती बोटाने दाखवीत होती. पांढरीच्या टेकाडावर देवळाचा चौथरा, त्याखाली पाटलाच्या वाड्याचे दगडी जोते, मग कुणब्यांची आळी. हे सगळे केव्हाच सुकून त्यावर बाभळीची रोपे आली होती. अगदी खाली, पाण्याच्या ओल्या रेघेला लागून, चार-दोन भिंतींचे बूड दिसत होते. माय थांबली. म्हणाली, "ह्यो आपला म्हारवाडा. बुडाला तवा समद्यात आधी बुडाला, अन् निगतोय समद्यांच्या मागून."

धरणाच्या भिंतीवर पातळी मोजायला आकड्यांची पट्टी रंगवलेली असते. मायच्या माहेरची पट्टी जातीची होती. गाव वसवताना उंच, कोरडी, सुरक्षित जागा कोणाला आणि नदीच्या पुराची जागा कोणाला, हे ज्या व्यवस्थेने ठरवले तिच्या क्रमानेच पाणी चढले आणि उतरले. देऊळ उघडे पडले तर साधारण वर्ष. वाड्याचे जोते उघडे पडले तर ओढगस्तीचे. महारवाडा उघडा पडला म्हणजे धरण मृतसाठ्यातही खोल उतरले. हा महारवाडा मी २०१३, २०१६ आणि २०१९ अशा तीन उन्हाळ्यांत पाहिला. मायच्या बापाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. जमीन गेली त्याचा मोबदला मोजता येत होता. बलुत्यावर आणि मजुरीवर जगणाऱ्याचे काय गेले, ते मोजायला रकाना नव्हता.

सात वर्षांत तीन वेळा ते बूड उघडे पडले, म्हणून हवामान बदलले, असा निकाल मी देणार नाही. शास्त्राची शिस्त पाळायची तर हवामान म्हणजे किमान तीस वर्षांची सरासरी. शिवाय नाथसागराच्या वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांची साखळी आहे, खाली कालवे आहेत, ऊस आहे, शहर आहे, कारखाने आहेत. इतक्या हातांनी हाताळलेला हा साक्षीदार आहे. केवळ आभाळाची भाषा ऐकायची तर जिच्यावर धरण नाही, कालवा नाही अशी जागा शोधावी लागते. ती आपल्यापासून फार लांब नाही.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या खड्ड्यात आहे. खड्ड्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्यातून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाणी येते पावसाने आणि झऱ्यांनी. जाते बहुतेक वाफेने. वाफ क्षार नेत नाही, म्हणून ते मागे साठत गेले आणि पाणी खारट व अल्कधर्मी झाले. जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी दिसू लागले. कोणी चमत्कार म्हटले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी कमी झाल्याने आणि उन्हाने क्षारता वाढली होती. अशा पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य धारण करणारे सूक्ष्म जीव माजले होते. पावसाळ्याचे पाणी मिळाले आणि रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्या रंगाकडे चमत्कार म्हणून पाहणारा माणूस हात जोडून परत जातो. जमाखर्च म्हणून पाहणारा विचारतो, खर्च का वाढला?

लोणारची खरी वही तळाशी आहे. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढून त्याचे थर तपासले. त्यात सुमारे ११ हजार वर्षांचा इतिहास निघाला. ज्या थरांत गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडले, ते थर सरोवर आटून दाट झाल्याच्या काळातले. त्यावरून मान्सून दीर्घकाळ दुबळा पडल्याचे दोन मोठे कालखंड दिसले : एक आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे या भूमीवर आभाळ पूर्वीही, माणसाच्या धुराड्यांआधीही रुसलेले आहे. हे लपवायचे कारण नाही; उलट त्यावरून कळते की आपण आधीच निसरड्या काठावर उभे आहोत आणि धुराड्यांनी मागून धक्का दिला आहे.

तो धक्का आपल्याकडे कोणत्या रूपात आला? एकूण पाऊस घटला असे सरळ म्हणता येत नाही. बदलली आहे ती त्याची चाल. हवेचे तापमान १ अंशाने वाढले की तिची वाफ धरण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. परिणामी पाऊस पुष्कळ दिवस दडी मारतो आणि मग एकदम कोसळतो. मध्य भारताच्या पट्ट्यात, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंत, अतिवृष्टीच्या व्यापक घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मृगाची वाट पाहत पेरणी करणाऱ्या रानाला हे झेपत नाही आणि तळ्यालाही झेपत नाही. कोसळणारे पाणी मुरत नाही, ते रानाची माती खरवडून तळ्यात आणून टाकते. परात आणखी उथळ होते.

२०१९ साली याचे विचित्र रूप पाहिले. जूनमध्ये मायच्या माहेरची ओली बुडे उघडी होती. ऑगस्टमध्ये नाशिककडे मुसळधार पाऊस झाला, गोदावरीला पूर आला आणि नाथसागर भरत गेला. त्याच वेळी मराठवाड्याच्या कितीतरी गावांत टँकर चालू होते. आमच्या डोक्यावरचे आभाळ कोरडे आणि डोळ्यांसमोर समुद्र. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली आणि धरणाचे दरवाजे उघडल्यावर गोदाकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. म्हणून तळे भरले म्हणजे दुष्काळ संपला, हे समीकरण विद्यार्थ्यांनी डोक्यातून काढून टाकावे. भरलेले तळे दुसऱ्याच आभाळाची साक्ष देत असू शकते.

या चालबदलाचा फटका कोणाला, हे पाहायचे तर गाळपेरीकडे पाहावे. पाणी हळूहळू मागे सरकते तशी काठाची सुपीक गाळाची जमीन उघडी पडते. ती वर्षापुरती कसायला घेऊन गहू, हरभरा, कलिंगड काढणारी कितीतरी भूमिहीन आणि विस्थापित कुटुंबे आहेत. त्यांचे पंचांग म्हणजे पाण्याची रेघ. ती वेळेवर हटली तर पेरा साधतो. अवकाळी पावसाने किंवा वरून अचानक आलेल्या पाण्याने ती परत चढली, तर बी-बियाणासकट सगळे बुडते. जमीन मालकीची नसल्याने नुकसानीच्या पंचनाम्यात त्यांचे नाव बसवणे अवघड. मायच्या बापाचा रकाना अजूनही रिकामाच आहे.

आता माणसाचा वाटा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले, हे सर्वांना आठवते. त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. कपात करता आली, याचा अर्थच असा की आटलेल्या धरणातही कोणाला किती द्यायचे हे आभाळ ठरवीत नव्हते. वरच्या आणि खालच्या धरणांत समन्यायी वाटप व्हावे, हे तत्त्व २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने मान्य केले. त्या आधारे २०२३ च्या नोव्हेंबरात वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडले गेले. मराठवाड्याच्या हक्काचा तो लढा न्याय्य आहे, आपण त्यात असलेच पाहिजे. परंतु समन्याय हा शब्द धरणाच्या दरवाजापर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. कालव्याचे पाणी जमिनीला बांधलेले आहे. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाणी जमिनीच्या एकरांवर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर दिले जाई, भूमिहीनालाही त्याचा वाटा असे आणि उसाला पाणी नसे. म्हणजे दुसरी रीत अशक्य नव्हती. ती मोठ्या धरणांनी उचलली नाही.

तळ्याच्या पाण्यावर हक्क सांगणे आपल्याला नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, ते या पानांच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. मला वाळूजच्या माणसाला त्याहून जवळची आठवण दौलताबादची आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह तो किल्ला पाहायला आले होते. दाराशी पाण्याने भरलेला हौद होता. प्रवासातल्या धुळीने माखलेल्या मंडळींनी त्यात हात-तोंड धुतले, तर पाणी बाटवले म्हणून कालवा झाला; शेवटी आत कोठेही पाण्याला हात लावू नये यासाठी हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला दाखवला गेला. हौद भरलेला होता, हे ध्यानात घ्या. त्या दिवशी टंचाई आभाळाने केलेली नव्हती. हेच बाबासाहेब पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची आणि मोठ्या नद्यांच्या नियोजनाची बैठक घालत होते.

तेव्हा त्या तरुणाला माझे उत्तर असे. एकच कारण मागू नकोस, वाटणी माग. वाफ किती वाढली, पाऊस कसा आला, हे आभाळाकडे. गाळ किती साचला, वर किती अडले, उसाला किती गेले, नदीत काय सोडले, वस्तीला किती दिवसांआड मिळाले, हे माणसाकडे. जगभरातल्या सुमारे २००० मोठ्या तळ्यांचा आणि जलाशयांचा उपग्रहाने घेतलेला १९९२ ते २०२० चा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला; निम्म्याहून अधिक ठिकाणी साठा घटलेला आहे. तेथेही संशोधकांनी हीच फोड केली. नैसर्गिक तळ्यांत तापमानवाढ आणि माणसाचा उपसा, तर धरणांत प्रामुख्याने गाळ.

पण वाटणी मागायची तर नोंद आपल्या हातात हवी. जपानमध्ये सुवा नावाचे तळे आहे. हिवाळ्यात ते गोठून बर्फाला तडा जातो आणि बर्फाची कमान उभी राहते. ते केव्हा गोठले, याची नोंद तेथील देवळाचे पुजारी १४४३ सालापासून ठेवत आले, आणि आज तीच वही तापमानवाढीचा पुरावा झाली आहे. न गोठणारी वर्षे आता वाढली आहेत. आपल्याकडे शिवेचा तंटा पडला की महाराला शिवेवरून चालवून त्याची साक्ष घेतली जाई. पण त्या शिवेच्या आतल्या विहिरीत किती पाणी आहे, हे वाकून पाहण्याची त्याला मुभा नव्हती. पाण्याची वही आपल्या हाती कधी आलीच नाही.

वाळूजपासून काही अंतरावर एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळी कामावर तो झाला. माझ्या मायने तेथे खडी फोडली आहे. त्यात मुरणारे पाणी खालच्या बागाईतदारांच्या विहिरींना उतरते. गेल्या वर्षीपासून आमच्या वस्तीतील आठवी-नववीची सहा मुले दर रविवारी तेथे जातात. लाकडी पट्टीवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या आहेत. वहीत रकाने आहेत : तारीख, पातळी, पाण्याचा रंग, त्या आठवड्यातला पाऊस, काठावर चालू असलेल्या मोटारी, आणि त्या आठवड्यात वस्तीच्या नळाला किती दिवस पाणी आले. शेवटचा रकाना मुलांनीच वाढवला. मे महिन्यातल्या एका रविवारी शेऱ्याच्या जागी एका मुलीने लिहिले आहे : पाणी पट्टीच्या खाली गेले. पट्टी उपटून पाच पावले आत नेऊन रोवली.